‘सिव्हिअर’ : एका विशेषणाची कैफियत

३१ ऑक्टोबर २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हा त्या निर्णयासोबत तालुक्यांची विभागणीही आली : ११२ तालुक्यांतील दुष्काळ ‘गंभीर स्वरूपाचा’ आणि उरलेल्या ३९ तालुक्यांतील ‘मध्यम स्वरूपाचा’. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र उघडणाऱ्याने आपला तालुका यादीत आहे की नाही एवढेच आधी पाहिले असेल. ‘गंभीर’ या शब्दापाशी क्षणभर थांबावे, असे फारच थोड्यांना वाटले असेल. वस्तुतः त्या विभागणीचा सारा भार याच एका शब्दाने उचललेला होता, आणि तो शब्द आमच्या महसुली दप्तरात पिढ्यान्‌पिढ्या वावरलेला नव्हता. केंद्राने २०१६ साली दुष्काळ-व्यवस्थापनाची जी नियमावली तयार केली, तिच्यात दुष्काळाच्या प्रती ठरविताना ‘सिव्हिअर’ असे एक इंग्रजी विशेषण योजलेले आहे. त्याचे हे मराठी रूप. पर्जन्यमानाची तूट, जमिनीतील ओल, धरणांतील साठा, उपग्रहातून दिसणारी पिकांची हिरवाई आणि शेवटी शेताच्या बांधावर जाऊन केलेली पाहणी या सर्वांचे गणित ज्या एका शब्दात येऊन मिळते, त्या शब्दाचा कुळवृत्तांत पाहावा, या इच्छेने हा लेख लिहिला आहे.

लॅटिन भाषेतील ‘सेव्हेरस’ हा शब्द मुळात माणसाच्या स्वभावाचा आणि मुद्रेचा आहे. जो सहजी हसत नाही, जो स्वतःला सूट देत नाही आणि म्हणून दुसऱ्यालाही देत नाही, ज्याच्या समोर उभे राहताना आपले वस्त्र आणि आपले शब्द दोन्ही सावरून घ्यावेत असे वाटते, असा मनुष्य रोमन लोकांच्या दृष्टीने ‘सेव्हेरस’ होय. आणि त्याच्या अंगची जी ‘सेव्हेरितास’, ती त्यांच्या लेखी दोष नव्हती, तर न्यायासनावर बसणाऱ्याच्या आणि कुटुंबप्रमुखाच्या ठायी अपेक्षित असलेला सद्‌गुण होता. आपल्याकडे मुलाचे नाव धैर्यशील ठेवावे, तसे हे विशेषण तेथे नावातही येत असे. इसवी सन १९३ ते २११ या काळात रोमवर ज्याने राज्य केले, तो सम्राट सेप्टिमिअस सेव्हेरस आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील लेप्टिस मॅग्ना या नगरीत जन्मला आणि ब्रिटनमध्ये, आज ज्याला यॉर्क म्हणतात तेथे, मोहिमेवर असताना वारला. त्याच्या घराण्याला इतिहासकार आजही याच नावाने ओळखतात. होरेस कवीने फालेर्नमच्या प्रसिद्ध मद्यालाही हेच विशेषण लावले आहे. जिभेला गोडव्याने न रिझवणारे, करकरीत चवीचे मद्य, असा तेथे अर्थ. चहाला कडक म्हणणाऱ्या मराठी माणसाला या लाक्षणिक प्रयोगाचे नवल वाटू नये.

या शब्दाची एक संतती इंग्रजीत मोठी लोकप्रिय आहे, परंतु तिचे मातृकुल सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. चिकाटीने एखाद्या कार्याला लागून राहणे या अर्थी इंग्रजीत जे ‘परसिव्हिअर’ असे क्रियापद आहे, ते याच ‘सेव्हेरस’पासून आलेले आहे, अंतापर्यंत कठोर राहणे हा त्याचा मूळ आशय, आणि ती कठोरता अर्थातच स्वतःशी. याच्या उलट, तोडणे या अर्थाचे ‘सेव्हर’ हे क्रियापद आणि ‘अनेक’ या अर्थाचा ‘सेव्हरल’ हा शब्द कानाला सख्ख्या भावंडांसारखे वाटले, तरी त्यांचा या घराण्याशी काहीही संबंध नाही. ती दोन्ही ‘वेगळे करणे’ या अर्थाच्या निराळ्या लॅटिन धातूची लेकरे आहेत. आमच्या विद्यार्थ्यांना ‘सिव्हिअर’ म्हणजे तोडून टाकणारे असे कधी कधी वाटते, त्याचे कारण हे ध्वनिसाम्य असावे.

शब्दाचा मूळ सद्‌गुण इंग्रजीने पुरता टाकून दिला नाही, ही गोष्ट मला विशेष समाधानाची वाटते. ज्या वास्तूवर नक्षी नाही, ज्या पोशाखाला झालर नाही, ज्या गद्यात एकही शब्द केवळ शोभेसाठी आलेला नाही, तिथे इंग्रज समीक्षक ‘सिव्हिअर’ म्हणतो आणि त्यात प्रशंसा असते. ग्रीक शिल्पाच्या इतिहासात तर सुमारे इसवी सन पूर्व ४८० ते ४५० या तीस वर्षांच्या कालखंडाला या विशेषणाचेच नाव मिळालेले आहे. त्याच्या आधीच्या ग्रीक मूर्तींच्या ओठांवर एक ठरावीक स्मित असे. वीर धारातीर्थी पडत असला तरी ते स्मित मावळत नसे. मग पर्शियनांच्या स्वाऱ्यांचा काळ आला आणि त्याच सुमारास शिल्पकाराने ते स्मित पुसून टाकले. देल्फी येथे १८९६ साली उत्खननात सापडलेला कांस्य सारथी ज्याने चित्रात का होईना पाहिला असेल, त्याला या शैलीचे मर्म सांगावे लागणार नाही. शर्यत जिंकून उभा असलेला तो तरुण ना हसतो, ना गर्वाने मान उंचावतो; त्याच्या लांब अंगरख्याच्या चुण्या स्तंभावरील खोबणींसारख्या सरळ खाली उतरतात, ओठ मिटलेले, हातात लगाम. अशा ठिकाणी ‘सिव्हिअर’चे मराठी ‘कठोर’ केले तर अनर्थ होईल. ‘संयत’ किंवा ‘व्रतस्थ’ हे शब्द तेथे शोभतात.

सोळाव्या शतकात फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला तो न्यायाधीशांचे, गुरूंचे आणि शिक्षांचे वर्णन करीत आला. पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत तो हिवाळ्याला लागला, वेदनेला लागला, रोगाला लागला. हे स्थित्यंतर वरवर पाहता केवळ अर्थविस्ताराचे वाटेल, पण त्यात एक सूक्ष्म सूत्र आहे. जो मनुष्य दुसऱ्याकडून पराकाष्ठेची मागणी करतो तो आधी ‘सिव्हिअर’ होता. मग जी थंडी, जो ज्वर, जी अवर्षणाची साडेसाती माणसाच्या सहनशक्तीची पराकाष्ठा मागते, तीही ‘सिव्हिअर’ झाली. म्हणजे हे विशेषण संकटाचे आकारमान सांगण्यापेक्षा, त्या संकटाने सोसणाऱ्याकडून किती वसूल केले ते सांगते. भूकंप मोठा असून निर्जन वाळवंटात झाला तर त्याची तीव्रता यंत्र नोंदवील. परंतु आपत्ती ‘सिव्हिअर’ ठरायला खाली कोणीतरी राहत असावे लागते.

या शब्दाचे तीन शेजारी आहेत, आणि त्यांच्याशी होणारी सरमिसळ आपल्याकडे फार आहे. ‘स्ट्रिक्ट’ हा नियमाचा शब्द. शाळेत घंटेआधी पाच मिनिटे फाटक बंद करणारे मुख्याध्यापक ‘स्ट्रिक्ट’ असतात, पण उशिरा आलेल्या मुलाला ते ममतेने समजावू शकतात; त्याच अपराधासाठी भर उन्हात उभे करणारे ‘सिव्हिअर’. दुसरा शेजारी ‘सीरिअस’, आणि येथे चूक झाली तर तिचे मोल अधिक पडते. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्याचे जे आंतरराष्ट्रीय संकेत आहेत, त्यांत या दोन शब्दांची फारकत मुद्दाम बजावून केलेली आहे : ‘सिव्हिअर’ हा त्रासाच्या तीव्रतेचा शब्द, ‘सीरिअस’ हा परिणामाचा. मस्तकशूळ असा उठावा की डोळे उघडवू नयेत, तरी त्याने जीवाला धोका नसेल तर तो ‘सिव्हिअर’ असूनही ‘सीरिअस’ नव्हे. उलट हृदयविकाराचा झटका वेदनेच्या दृष्टीने सौम्य असला तरी ‘सीरिअस’ असतोच असतो. मृत्यू, जीवावरचा प्रसंग, रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, कायमचे अपंगत्व, गर्भातील व्यंग या त्याच्या कसोट्या. आपल्या देशात लसीकरणानंतर होणाऱ्या त्रासांची वर्गवारीही किरकोळ, ‘सिव्हिअर’ आणि ‘सीरिअस’ अशी तीन घरांत केली जाते. आता या दोन्ही शब्दांचे मराठी एकाच ‘गंभीर’ने केले, तर लस घेतल्यावर सणकून ताप आलेले बाळ आणि श्वास कोंडून अतिदक्षता विभागात गेलेले बाळ एकाच ओळीत बसतात, आणि पहिल्या बाळाची आई पुढची लस चुकवते.

तिसरा शेजारी ‘अक्यूट’. सामान्य वाचकाला तो ‘सिव्हिअर’चाच समानार्थी वाटतो, पण वैद्याच्या भाषेत तो काळाचा शब्द आहे. जे एकाएकी उद्भवते आणि थोडक्या अवधीत एका टोकाला पोहोचते ते ‘अक्यूट’. त्याच्या विरुद्ध ‘क्रॉनिक’, म्हणजे जीर्ण. आयुर्वेदाने याच भेदासाठी ‘आशुकारी’ आणि ‘चिरकारी’ असे दोन नेमके शब्द केव्हाच घडवून ठेवले होते. आम्ही मात्र ‘अक्यूट’लाही ‘तीव्र’ म्हणतो आणि ‘सिव्हिअर’लाही ‘तीव्र’च म्हणतो. २००३ साली जागतिक आरोग्य संघटनेने ‘सार्स’ या नव्या आजाराचे नामकरण केले, तेव्हा त्याच्या पूर्ण नावात ‘सिव्हिअर’ आणि ‘अक्यूट’ ही दोन्ही विशेषणे शेजारी शेजारी आली. एक सांगत होते किती, आणि दुसरे सांगत होते किती लवकर. मराठीत ती दोन्ही एकाच ‘तीव्र’मध्ये विरून गेली.

असे म्हटल्यावर कोणी म्हणेल, मग मराठी दरिद्री ठरली. मला नेमके उलट वाटते. ‘सिव्हिअर’साठी मराठीत एक शब्द नाही याचे कारण मराठी माणसाने प्रत्येक संकटाला त्याच्या जातीचे विशेषण दिलेले आहे. थंडी कडाक्याची, ऊन रणरणते, दुष्काळ भीषण, दुखापत जबर, टीका प्रखर, शिस्त करडी, तपश्चर्या घोर, व्रत खडतर, व्याधी दुर्धर, उपाय जालीम, ताकीद सक्त. यांतले एकही विशेषण उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहावे. कान लगेच तक्रार करतो. करडी थंडी होत नाही आणि कडाक्याची दुखापत होत नाही. या यादीत संस्कृत, फारसी, अरबी आणि निव्वळ देशी अशी सारी घराणी एका पंक्तीला बसलेली आहेत, आणि जिथे अंमल, दंड आणि हुकूम यांचा प्रांत येतो तिथे ‘सक्त’, ‘जबर’, ‘जालीम’ हे यावनी शब्दच पुढे सरसावतात. कारण ज्या दरबारांतून हुकूम सुटत त्यांची भाषा फारसी होती. ‘सक्तमजुरी’ ऐकताच जो एक कठीण, कोरडा आवाज कानांत उमटतो, तो ‘कठोर श्रमयुक्त कारावास’ या संस्कृत समासाने कितीही सोपस्कार केले तरी उमटणार नाही.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर ‘सिव्हिअर’ हा शब्द आपल्या दंडसंहितेत कोठे बसला आहे तेही पाहावे. १ जानेवारी १८६२ पासून अमलात आलेल्या भारतीय दंडसंहितेच्या ३२० व्या कलमात जबर दुखापतीचे आठ प्रकार दिले होते. डोळा जाणे, कान जाणे, हाड मोडणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे असे जे उघड दिसणारे प्रकार, ते आधी; आणि आठव्या प्रकारात जीव धोक्यात घालणाऱ्या दुखापतीबरोबरच, ज्या इजेमुळे जखमी इसम वीस दिवसपर्यंत ‘सिव्हिअर’ शारीरिक वेदनेत राहतो, अथवा तितके दिवस आपले नित्याचे व्यवहार करू शकत नाही, तीही समाविष्ट होती. १ जुलै २०२४ रोजी तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्या ११६ व्या कलमाने ही मुदत पंधरा दिवसांवर आणली. विशेषण तेच राहिले, दिवस पाच कमी झाले. परंतु त्या पाच दिवसांनी साधी दुखापत आणि जबर दुखापत यांच्यामधील सीमारेषा सरकली, आणि तिच्याबरोबर आरोपीला भोगाव्या लागणाऱ्या शिक्षेचे मानही.

आधुनिक राज्यव्यवहारात या शब्दाला मोजपट्टी चिकटली ती अशी. हवामान खाते चक्रीवादळाला ‘सिव्हिअर’ म्हणते ते वाऱ्याचा वेग ताशी ८९ ते ११७ किलोमीटर असेल तेव्हा. त्याच्या वर ‘व्हेरी’ आणि ‘एक्स्ट्रीमली’ अशा दोन पायऱ्या आणि ताशी २२२ किलोमीटरपासून पुढे महाचक्रीवादळ. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेले ‘निसर्ग’ याच पहिल्या पायरीवरचे होते. खात्याच्या कोष्टकात ती खालचीच पायरी. परंतु श्रीवर्धन आणि दिवेआगरच्या ज्या वाडीवाल्यांनी आजोबांनी लावलेली नारळी-पोफळीची झाडे एका दुपारी आडवी झालेली पाहिली, त्यांच्या आयुष्यात त्याहून वरची पायरी कोणती असेल, हे कोष्टकाला विचारता येत नाही. पोफळ पुन्हा लावली तर फळ धरायला पाच-सात वर्षे जातात. उष्णतेच्या लाटेचेही असेच : कमाल तापमान सरासरीहून साडेचार अंशांनी चढले की लाट, ६.४ अंशांपलीकडे गेले की ‘सिव्हिअर’ लाट.

मोजपट्टी वाईट नव्हे. ग्लासगो येथील टीसडेल आणि जेनेट या दोन शल्यवैद्यांनी १९७४ साली बेशुद्धीची जी पट्टी तयार केली, तिच्यावर आठ किंवा त्याहून कमी गुण आले की डोक्याची इजा ‘सिव्हिअर’ समजावी, असा पुढे प्रघात पडला. त्यामुळे आडगावच्या दवाखान्यातील डॉक्टरने दूरध्वनीवर उच्चारलेला एक आकडा शहरातील डॉक्टरला तत्काळ उमगू लागला. प्रश्न उभा राहतो तो विशेषण जेव्हा तिजोरीची किल्ली होते तेव्हा. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीतून राज्यांना अधिकचे साहाय्य मिळते ते आपत्ती ‘सिव्हिअर’ स्वरूपाची असेल तर. केरळातील वायनाडच्या दरडी ३० जुलै २०२४ च्या पहाटे कोसळल्या, शेकडो माणसे चिखलाखाली गेली, आणि ती आपत्ती ‘सिव्हिअर’ स्वरूपाची असल्याचे केंद्राने राज्याला कळविले ते डिसेंबरात. मधले जवळजवळ पाच महिने एका विशेषणाच्या प्रतीक्षेत गेले.

संकटाला कोणते नाव द्यावे याची धास्ती राज्यकर्त्यांना का वाटते, याचे महाराष्ट्रातील उदाहरण याहून बोलके आहे. १९६३ साली आपल्या विधिमंडळाने एक कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून इंग्रजी ‘फॅमिन’ हा शब्दच वगळला आणि त्या जागी ‘स्केअर्सिटी’, म्हणजे टंचाई, हा शब्द घातला. शेतीच्या परिस्थितीवर शासनाचे सतत लक्ष असते आणि टंचाईची चिन्हे दिसताच निवारणाची कामे सुरू होतात, तेव्हा पूर्वीसारखा दुष्काळ पडण्यास आता वावच नाही, अशी त्यामागील भूमिका होती. नऊ वर्षांनी १९७२ चे साल उजाडले. त्या वर्षी खडी फोडायला गेलेली पिढी आज म्हातारी झाली आहे. तिच्या तोंडून त्या सालाचे वर्णन ऐकावे, त्यात ‘टंचाई’ हा शब्द येणार नाही. पुढेही आमच्या कचेऱ्यांतून ‘टंचाईसदृश’, ‘दुष्काळसदृश’ असे शब्द फिरत राहिले, आणि उच्च न्यायालयात प्रश्न गेल्यावर २०१६ च्या मे महिन्यात शासनाला असे जाहीर करावे लागले की, जेथे जेथे ‘दुष्काळसदृश’ म्हटले आहे तेथे तेथे ‘दुष्काळ’ असे वाचावे. पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आलेल्या गावातील कुणब्याला या ‘सदृश’चा अर्थ कसा समजावून द्यावा, हे मला आजही सुचत नाही. दुष्काळ जाहीर झाला की जमीन महसुलात सूट मिळते, पीककर्जाचे पुनर्गठन होते, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत मिळते, मुलांचे परीक्षाशुल्क माफ होते, पाण्याचा टँकर येतो; एवढे सारे एका नामावर आणि त्याच्या विशेषणावर अवलंबून असते.

शेवटी ज्या ठिकाणी या शब्दाची मला सर्वांत अधिक काळजी वाटते तिथे येतो. मेळघाटात, नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात, पालघरच्या मोखाडा-जव्हारात अंगणवाडीच्या भिंतीवर आणि सेविकेच्या वहीत ‘सॅम’ आणि ‘मॅम’ अशी दोन अक्षरचिन्हे आढळतात. ‘सॅम’ म्हणजे ‘सिव्हिअर अक्यूट’ कुपोषण. त्याचे सरकारी मराठी ‘अतितीव्र कुपोषण’, आणि ‘मॅम’चे ‘मध्यम तीव्र कुपोषण’. वर सांगितलेला घोटाळा येथे पुरता प्रत्ययाला येतो : या ‘तीव्र’मध्ये ‘अक्यूट’ दडलेला आहे, म्हणजे हे कुपोषण अलीकडच्या काळात, चार-दोन आठवड्यांच्या उपासमारीने किंवा जुलाबा-तापाने आलेले आहे, आणि म्हणूनच वेळीच हालचाल केली तर ते मूल पुन्हा भरते. वर्षानुवर्षांच्या अर्धपोटी राहण्याने मूल खुजे राहते, तो प्रकार निराळा आणि त्याची चिकित्साही निराळी. ‘मध्यम तीव्र’ या जोडशब्दातून ही आशेची बाजू कोणालाच कळत नाही. गायनाच्या बैठकीत यमन ऐकणाऱ्याला त्यातला तीव्र मध्यम ओळखता येतो, पण अंगणवाडीच्या ओट्यावर बसलेल्या आईला तिच्या मुलाच्या नावापुढील ‘मध्यम तीव्र’ म्हणजे कमी की जास्त, हे कोणी सांगायचे? ‘नुकतेच खालावलेले’ आणि ‘पार खालावलेले’ असे साध्या मराठीत लिहिले असते तर काय बिघडले असते?

मापन मात्र अगदी सरळ आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या डाव्या दंडाभोवती, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध, एक रंगीत पट्टी गुंडाळतात. दंडघेर साडेबारा सेंटिमीटरच्या वर असला तर पट्टीवर हिरवा रंग येतो, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, साडेअकराच्या खाली लाल. लाल आला की मुलाचे नाव ग्राम बाल विकास केंद्राच्या यादीत जाते, आणि भूक मेलेली असेल किंवा अंगावर सूज असेल, तर त्याला तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयातील पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावे लागते.

सेविका पट्टी गुंडाळत असते तेव्हा आई शेजारीच बसलेली असते. ती ‘सिव्हिअर’ म्हणत नाही, ‘अतितीव्र’ही म्हणत नाही. ‘पोर वाळलंय बाई,’ ती म्हणते, ‘खाल्लेलं अंगाला लागत नाही, पाऊस लागल्यापास्नंच असं झालंय.’ किती, आणि केव्हापासून, ही दोन्ही उत्तरे तिने दिलेली असतात. सेविका पट्टी दिव्याकडे वळवून रंग पुन्हा एकदा पाहते, आणि वहीत ११.४ असा आकडा मांडते.